टिक्स की मंत्रचळ? देवगडहून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

देवगड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. मुलगा १० वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी डोळे मिचकावायला लागला, मग मान झटकायला, आता वर्ष-दीड वर्ष घसा खाकरतो. गेल्या शिमग्यानंतर आणखी एक सुरू झालं. खळ्यातून घरात येताना पाय धुतो, उंबऱ्यापर्यंत येतो, परत फिरतो आणि पुन्हा धुतो. आई तांब्याने पाणी घालते, ‘झाले रे बाबा स्वच्छ’ म्हणते, तेव्हा कुठे आत येतो. आजी म्हणतात नजर लागली, देवळात गाऱ्हाणं घालून झालंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर नाही म्हणून सांगितलं. एका ठिकाणी फिट्सची गोळी सुचवली, दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासून ‘घशातल्या जंतूंमुळे होतंय’ म्हणत इंजेक्शनांचा कोर्स. मुंबईचे दीर मनगटावर बांधायचं यंत्र, मेंदूत तार बसवायची शस्त्रक्रिया असल्या बातम्या पाठवतात. शेवटी ताई विचारतात: हे नक्की काय आहे, नव्या संशोधनातलं आमच्या उपयोगाचं काय, आणि मुंबई गाठावी का?

मी रत्नागिरीत बाल व किशोर मानसोपचार करते. मुलाला पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे पुढचं सगळं ‘तुम्ही लिहिलंय ते तसंच असेल तर’ या हिशेबाने वाचा. ताई, मला तुमची अडचण यंत्र घ्यावं की मुंबई गाठावी, ही वाटत नाही. एकाच मुलात दोन गोष्टी दिसताहेत आणि घरच्यांनी त्या दोन्हींशी अगदी उलट वागायचं असतं. टिक्सकडे, म्हणजे ऊर्मी येऊन होणाऱ्या झटक्यांकडे आणि आवाजांकडे, दुर्लक्ष करायचं आणि मंत्रचळाला, म्हणजे ओसीडीला, साथ द्यायची नाही. बहुतेक घरांत नेमकं याच्या उलट चालतं. मान झटकली की ओरडा बसतो आणि पाय धुवायला मात्र मदत मिळते.

आधी टिक्स. डोळे, मान आणि घसा, असं वरून खाली सरकत जाणं, एक थांबून दुसरी सुरू होणं, चार वर्षं चालू राहणं, हे सगळं टूरेट सिंड्रोमच्या वर्णनाशी जुळतं. निकष साधे आहेत: हालचालींच्या एकाहून जास्त टिक्स, आवाजाची निदान एक, सुरुवात १८ वर्षांच्या आत आणि वर्षाहून जास्त काळ. नाव ऐकून घाबरू नका. इंटरनेटवर शिव्या देणारे रुग्ण दिसतात, पण तसा प्रकार दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास रुग्णांतच असतो. टिक्स साधारण पाच-सहा वर्षांच्या वयात सुरू होतात, १० ते १२ या वयात सर्वांत जोरात असतात आणि त्यानंतर बहुतेक मुलांत उतरत जातात. म्हणजे तुमचा मुलगा आत्ता चढावर आहे. हे आधीच माहीत असलं तर पुढची दोन वर्षं जरा सोपी जातात.

टिक्स आपोआप वाढतात आणि आपोआप कमी होतात, महिन्या-महिन्याला. माणूस उपाय शोधतो तो त्रास कळसाला पोचल्यावर, आणि कळसानंतर उतार ठरलेलाच असतो. गाऱ्हाण्यानंतर बरं वाटलं त्याचं कारण यात असू शकतं. मी दिलेल्या गोळीलाही हेच लागू आहे, म्हणून मी पंधरा दिवसांच्या फरकावर कधी विश्वास ठेवत नाही.

आता दोन्ही ओळखायचं कसं ते सांगते. ‘असं का करतोस?’ या प्रश्नाला मुलं ‘असंच’ म्हणतात आणि गप्प होतात. मी विचारते, ‘नाही केलंस तर काय होईल?’ ओळख पटणार नाही अशा बेताने दोन मुलांबद्दल सांगते. दोघेही जिन्याच्या शेवटच्या पायरीला दोनदा पाय टेकवायचे. बघणाऱ्याला फरक कळला नसता. एकाला विचारलं, नाही टेकवला तर? तो लगेच म्हणाला, ‘मग उजवा पाय जड जड राहतो.’ दुसरा बराच वेळ चपलेशी खेळत बसला, मग आईकडे बघत हळूच म्हणाला, ‘बाबांची होडी...’ आणि पुढे बोललाच नाही. वडील मासेमारीला जाणारे. पहिल्याच्या अंगात काहीतरी साचत होतं आणि पाय टेकवला की मोकळं होत होतं. दुसऱ्याच्या डोक्यात भीती होती आणि पाय टेकवणं हा ती टाळायचा तोडगा होता. कृती तीच, पण पहिली टिकच्या घरातली आणि दुसरी ओसीडीच्या.

दोन्हींच्या मध्ये एक पट्टाही आहे. काही मुलांना भीती नसते, नुसतं ‘बरोबर वाटेपर्यंत’ करायचं असतं: दोन्ही बाजूंना सारखं, समसमान, नेमकं. टिक्स असणाऱ्या मुलांत ओसीडी आली तर ती बरेचदा अशीच असते. २०१३ साली अमेरिकी मानसोपचार संघटनेने निदानाचे निकष बदलले, तेव्हा ओसीडीला चिंताविकारांच्या गटातून बाहेर काढून स्वतंत्र गट दिला आणि ‘टिक्सशी संबंधित ओसीडी’ अशी वेगळी नोंद करायला सांगितलं. ही नोंद नुसती कागदावरची नाही, उपचार ठरवताना तिचा उपयोग होतो.

तुमच्या मुलाचं पाय धुणं यातलं कुठलं, हे तुम्हीच विचारून बघू शकता. शांत वेळी, एकट्याला, आजी जवळ नसताना. लहान वयात बऱ्याच मुलांना आतली ऊर्मी शब्दांत नीट सांगता येत नाही, त्यामुळे उत्तर आलं नाही तर खोदत बसू नका. आपल्याकडे अडचण अशी की पाय धुवून घरात येणं हा घरचा रिवाजच. पावसात लाल माती घोट्यापर्यंत चिकटलेली असते आणि सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात तर कोणाला वावगं वाटतच नाही. कित्येक घरांत मूल ‘किती टापटीप’ म्हणून कौतुकाचा विषय असतं आणि ओसीडी त्याआड वर्षभर लपून राहते. आंब्याच्या दिवसांत ‘चीक लागला’ म्हणून कातडी सोलेपर्यंत हात धुणारी मुलंही मी पाहिली आहेत. चीक खरोखरच भाजतो, त्यामुळे शंका कोणाला येणार? म्हणून मी कृतीऐवजी तीन गोष्टी बघते: दिवसाचा किती वेळ जातो (सगळं मिळून तासाभराच्या वर असेल तर गंभीरपणे घ्या), मध्येच थांबवलं तर काय होतं, आणि दुसऱ्या कुणाला त्यात सामील व्हावं लागतं का. तुमच्याकडे तिसऱ्याचं उत्तर तांब्यातच आहे.

फिट्सच्या गोळीबद्दल: मूल थोडा वेळ रोखून धरू शकतं, वर्गात दाबतं आणि घरी आल्यावर सोडतं, असं असेल तर ते फिट्ससारखं नाही. अशा वेळी ईईजीची, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीची, सरसकट गरज नसते. इंजेक्शनांबद्दल जरा जपून सांगते, कारण इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंनंतर काही मुलांत अचानक टिक्स आणि ओसीडी येते ही कल्पना १९९८ पासून चर्चेत आहे. पण युरोपात टिक्स असलेल्या ७१५ मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग आणि टिक्स वाढणं यांचा संबंध दिसला नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या रक्तात एएसओचा (स्ट्रेप्टोकोकस होऊन गेल्याची खूण) आकडा वाढलेला सापडणं काही विशेष नाही. नुसत्या त्या आकड्यावरून मेंदूचं निदान होत नाही. मात्र संधिवाताच्या तापानंतर होणारा सिडनहॅम कोरिया हा खरा आजार आहे आणि तो आपल्या देशातून गेलेला नाही. त्यात हालचाली वाहत्या, बेशिस्त असतात, रोखता येत नाहीत, अक्षर बिघडतं, हातातून वस्तू पडतात आणि हृदयाची तपासणी करावीच लागते. त्या मुलांना पेनिसिलिन लागतं. म्हणून इंजेक्शनं सुरू झालेली असतील तर माझं वाचून बंद करू नका. बालरोगतज्ज्ञांना एवढंच विचारा की ही नक्की कशासाठी, आणि हृदय तपासलंय का.

आता नवं काय ते. पहिली बातमी गोळीची नाहीच. टिक्ससाठी सीबीआयटी नावाचा वर्तनोपचार आहे. २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवर त्याची चाचणी झाली, १० आठवड्यांत ८ बैठका. उपचार घेतलेल्या १०० पैकी साधारण ५३ मुलं स्पष्ट सुधारली, नुसती माहिती आणि आधार मिळालेल्यांत १९. अमेरिकेच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात औषधांच्या आधी हाच उपचार सुचवला. यात मुलाला ऊर्मी ओळखायला शिकवतात आणि ती आली की टिकच्या आड येणारी दुसरी हालचाल करायला लावतात. घसा खाकरावासा वाटला की तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास. मान झटकायची ऊर्मी आली की हनुवटी किंचित आत घेऊन मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे, ऊर्मी ओसरेपर्यंत किंवा मिनिटभर. ऐकायला फारच साधं आहे. पण एका वेळी एकच टिक घ्यायची, रोज सराव करायचा, आणि मुलाला स्वतःला त्या टिकचा कंटाळा आलेला असायला हवा. आईला आला आहे एवढ्याने भागत नाही.

यावर हमखास येणारी शंका: कुकरची शिटी दाबली की वाफ दुसरीकडून फुटते, तसं एक टिक दाबली की दहा येतील ना? अभ्यासांत असं दिसलेलं नाही. शाळेतून आल्यावर टिक्स जास्त दिसतात, त्याचं कारण घरी मूल मोकळं असतं.

दुसरी बातमी आपल्या किनारपट्टीसाठी मला सर्वांत मोलाची वाटते. हे उपचार लांबून करता येतात का, हे नीट तपासलं गेलंय. इंग्लंडमध्ये टिक्स असलेल्या ९ ते १७ वयाच्या २२४ मुलांवर झालेला अभ्यास २०२१ साली आला. उपचार पूर्ण इंटरनेटवरून, पाठीशी एक थेरपिस्ट. ५० गुणांच्या मोजपट्टीवर उपचार घेणाऱ्यांचे गुण सरासरी ४.५ ने उतरले, फक्त माहिती मिळालेल्यांचे १.६ ने. जादू नाही, पण फरक खरा आहे आणि तो दीड वर्षानेही टिकून होता. त्याच वर्षी स्वीडनमधून ओसीडी असलेल्या १५२ मुलांचा अभ्यास आला. आधी इंटरनेटवरून उपचार आणि ज्यांना पुरलं नाही त्यांनाच समोरासमोर. सहा महिन्यांनी ही पद्धत पहिल्यापासून समोरासमोर बसवण्याइतकीच चांगली ठरली.

ते कार्यक्रम त्यांच्या भाषेत, त्यांच्या व्यवस्थेत चालतात, तयार मराठीत मिळत नाहीत. पण तत्त्व घेता येतं. एकदा प्रत्यक्ष नीट तपासणी आणि पुढच्या बऱ्याचशा बैठका व्हिडिओवर. २०२० पासून आपल्याकडे टेलिमेडिसिनचे अधिकृत नियमही आहेत. घरात रेंज नाही म्हणून मुलाला स्कूटरवर घालून सड्यावर येणारी आई माझ्याकडे होती, बैठका वाऱ्याच्या आवाजात झाल्या आणि तरी झाल्या. दर आठवड्याला तुतारी एक्सप्रेसने मुंबई गाठण्यापेक्षा ते बरं. मुंबईला जायचंच तर एकदाच जा, आणि आधी फोन करून विचारा: मुलांच्या टिक्ससाठी सीबीआयटी आणि ओसीडीसाठी ईआरपी (भीतीला सामोरं जाऊन कृती न करण्याचा सराव) तुम्ही स्वतः करता का, आणि पुढे व्हिडिओवर चालेल का? ‘कौन्सेलिंग करतो’ एवढंच उत्तर आलं तर दुसरं दार ठोठवा.

दिरांनी पाठवलेल्या बातम्या खोट्या नाहीत, पण तुमच्या मुलासाठी नाहीत. मनगटाच्या यंत्राचं काम इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात झालं. मनगटातल्या नसेला तालात सौम्य विद्युत स्पंदनं देतात, २०२० मध्ये पहिला शोधनिबंध आला, नंतरच्या चाचणीत टिक्सचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने घटलं. आशा ठेवण्यासारखं आहे. त्या नावाखाली ऑनलाइन मिळणारी शॉक देणारी पट्टी मात्र घेऊ नका. इकोपिपॅम नावाच्या नव्या औषधाची १५३ मुलांवरची चाचणी २०२३ मध्ये चांगली निघाली, ते मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या वेगळ्या ग्राहकावर काम करतं आणि वजन वाढण्याची जुनी कटकट त्यात दिसली नाही. आपल्या दुकानात ते अजून नाही. मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया सगळं करून थकलेल्या, फार गंभीर आजाराच्या मोठ्या माणसांसाठी आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या संदर्भात तो विषय सोडून द्या.

जनुकांचं संशोधन वेगळ्या कारणासाठी सांगते. २०२५ मध्ये ओसीडीच्या ५३ हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास आला आणि जनुकसंचात ३० ठिकाणं सापडली. प्रत्येकाचा वाटा बारीक. म्हणजे एक जनुक नाही आणि रक्ताची तपासणीही नाही. पण ‘आईने लाडावून ठेवला म्हणून’ हे वाक्य घरात कोणी म्हणत असेल तर त्यांच्यासाठी ही माहिती उपयोगी पडेल.

औषधांचं ठरवताना मी मूल बघते, टिक्स मोजत बसत नाही. मान दुखते, झोप लागत नाही, वर्गात चिडवाचिडवी असह्य झालीय, तर औषध. मुलगा मजेत आहे आणि त्रास फक्त पाहुण्यांना होतोय, तर नको. सुरुवातीला मला क्लोनिडीन बरं वाटतं. झोप येते, रक्तदाब बघावा लागतो आणि ते एकदम बंद करायचं नसतं. ॲरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन जास्त जोरदार, पण वजनावर लक्ष ठेवावं लागतं. कुठलंही औषध टिक्स कमी करतं, पुसून टाकत नाही.

ओसीडीचं गणित निराळं. २००४ साली अमेरिकेत ११२ मुलांवर झालेल्या अभ्यासात थेरपी आणि सर्ट्रालीन हे ओसीडीवरचं औषध यांची तुलना झाली. नंतर त्याच आकड्यांतून टिक्स असलेली मुलं वेगळी काढली, तेव्हा त्यांच्यात एकट्या सर्ट्रालीनचा फायदा औषध नसलेल्या रिकाम्या गोळीहून जास्त दिसला नाही, थेरपीचा दिसला. अशी मुलं त्यात थोडीच होती, म्हणून मी त्याला दगडावरची रेघ मानत नाही. उत्तर युरोपातल्या एका अभ्यासात तर थेरपीने फरक न पडलेल्या मुलांपैकी टिक्स असणाऱ्यांना, थेरपी पुढे रेटण्यापेक्षा सर्ट्रालीनचा जास्त उपयोग झाला. त्यामुळे माझा क्रम असा: आधी ईआरपी, पुरलं नाही तर सर्ट्रालीन जोडायचं, आणि त्याला दोन-तीन महिने द्यायचे. तीन आठवड्यांत ‘गुण आला नाही’ म्हणून डॉक्टर बदलणं हा आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा.

आता घरात काय करायचं. मान, डोळे, घसा यांबद्दल घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही. ‘बघ, पुन्हा केलंस’ हेसुद्धा नाही. टिकबद्दल बोललं की टिक वाढते. भजनात पखवाजावर बसलं की टिक्स थांबतात असं कितीतरी आया सांगतात, आणि ते बरोबर आहे, मन लागलं की ऊर्मी मागे पडते. असं काही त्याला आवडत असेल तर अभ्यासाच्या नावाखाली बंद करू नका. शाळेत बाईंना भेटून सांगा की खाकरणं मुद्दाम नाही, आणि फारच झालं तर दोन मिनिटं बाहेर जाऊन यायची मुभा द्या.

पाय धुण्याचं उलट. तिथे लक्ष घालायचं, पण मदत कमी करत जायची. तांब्या एका दिवसात काढून घेऊ नका, भडका उडेल. आधी त्याला सांगा: ‘तुझ्या डोक्यातली भीती तुला फसवते, आणि मी पाणी घातलं की तिचंच फावतं. सोमवारपासून पाणी तू घ्यायचं.’ पुढच्या टप्प्यावर ‘झाले स्वच्छ’ म्हणणं थांबवा. विचारलं तर ‘हे भीती विचारतेय ना?’ एवढंच. मग एकदाच धुऊन आत यायचं आणि बेचैनी दहापैकी किती, ते दर पाच मिनिटांनी त्याने सांगायचं. ती आपोआप उतरते हे त्याला स्वतःला अनुभवायला मिळणं, हाच ईआरपीचा गाभा. कुठल्या पायरीपासून सुरुवात ते त्याने ठरवायचं. रागावून किंवा ओढून आत आणलं तर पुढचे दोन आठवडे वाया जातात. आणि आजी, बाबा, तुम्ही, तिघांचं एकमत आधी. एकाने जरी मागच्या दाराने तांब्या दिला तर सगळं पहिल्यापासून.

आजींना गाऱ्हाणं घालू द्या, माझी हरकत नाही. पण मुलाला देवासमोर उभं करून ‘पुन्हा करणार नाही’ असं वदवून घेऊ नका. ज्या मुलाचं डोकं आधीच ‘माझ्यामुळे काहीतरी वाईट होईल’ या भीतीवर चालतंय, त्याने देवाला दिलेला शब्द मोडला की नवीन भीती तयार होते. मग पाय धुण्याच्या जोडीला नमस्कार मोजणं सुरू होतं.

थांबू नये अशा गोष्टी: एका रात्रीत सगळं बदललं, खाणं-पिणं सोडलं, मान इतकी जोरात झटकते की हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा येतो, किंवा ‘जगायचं नाही’ असं काही बोलला. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर. एरवी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात चौकशी करा, रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि कोणाशी बोलायचं हेच कळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक.

डॉक्टरांकडे जाताना दोन व्हिडिओ न्या, एक टिक्सचा आणि एक उंबऱ्यावरचा. तपासणीच्या खोलीत मुलं टिक्स दाबून बसतात, त्यामुळे व्हिडिओ फार कामाचा. मात्र त्याला सांगून काढा, लपून नको, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तर अजिबात नको. तांब्याचा पहिला टप्पा गणपतीच्या आधी पार पाडा. चाकरमानी आले, घर भरलं, की त्या दिवसांत कुठलाच नवा नियम टिकत नाही, आणि एखादा काका ‘काय रे, डोळा मारतोस काय?’ म्हणणारच. त्या काकांना आधीच फोन करून ठेवा.